हेरोदाचा मृत्यू, क्विरीनियाची नावनिशी आणि तिबिर्याचे पंधरावे वर्ष: कालपटाच्या प्रकल्प नोंदी

4 जानेवारी 2024

ख्रिस्ती धर्माच्या उगमकाळाचा मराठी कालपट तयार करण्याचे काम आजपासून हाती घेतले. रोमन सिनेटने हेरोदाला यहूदीयाचे राजपद दिले तेथपासून इ.स. 70 मध्ये यरुशलेमचे मंदिर पडले तेथपर्यंतचा काळ त्यात घ्यावयाचा आहे. सकाळी आखलेल्या तक्त्यात घटना आणि वर्ष असे दोनच स्तंभ होते. संध्याकाळपर्यंत ते चार झाले: घटना, मूळ ग्रंथातील शब्द, गणना जेथून सुरू होते ते ठिकाण, आणि त्यावरून निघणारे वर्ष.

हा बदल करणे भाग होते, कारण या काळाविषयी लिहिणाऱ्या एकाही प्राचीन लेखकाने इसवी सन वापरलेला नाही. हा सन डायोनिसियस एक्झिगस या भिक्षूने इ.स. 525 मध्ये पास्काच्या (ईस्टरच्या) तारखांचे कोष्टक करताना मांडला. त्यापूर्वीचे लेखक अमक्या राजाच्या कारकिर्दीचे इतकावे वर्ष, अमक्या लढाईनंतरचे इतकावे वर्ष, अमके दोघे कॉन्सल (रोमचे वर्षभरासाठीचे सर्वोच्च अधिकारी) असतानाचे वर्ष, अशा भाषेत बोलतात. म्हणजे आपण तक्त्यात लिहितो तो प्रत्येक आकडा हा कोणीतरी केलेल्या हिशेबाचे उत्तर असतो, आणि हिशेब न दाखवता उत्तर छापले की वाचकाला ते पडताळून पाहता येत नाही.

9 जानेवारी 2024

पहिली चूक सापडली आणि ती माझीच होती. इ.स.पू. 1 नंतर थेट इ.स. 1 येते, मध्ये शून्य वर्ष नाही, हे ठाऊक असूनही सहा ओळींत मी साधी बेरीज केली होती. इ.स.पू. 4 पासून इ.स. 6 पर्यंत दहा नव्हे, नऊ वर्षे होतात. सर्व ओळी पुन्हा मोजल्या.

17 जानेवारी 2024

गेला आठवडा हेरोदाच्या मृत्यूत गेला. येशूचा जन्म हेरोद राजाच्या दिवसांत झाला असे शुभवर्तमानकार मत्तय सांगतो, म्हणून हेरोदाचे अखेरचे वर्ष ही त्या बाजूची सीमारेषा ठरते. पहिल्या शतकातील यहूदी इतिहासकार जोसेफस 'ज्यूंचा प्राचीन इतिहास' या ग्रंथाच्या सतराव्या खंडात लिहितो की, रोमनांनी राजा म्हणून घोषित केल्यापासून हेरोदाने सदतीस वर्षे आणि आधीचा राजा अँटिगोनस याला ठार करविल्यापासून चौतीस वर्षे राज्य केले. घोषणेचे वर्ष तो कॉन्सलांच्या नावांनी देतो. कॅल्व्हिनस दुसऱ्यांदा आणि पोलियो प्रथमच कॉन्सल असतानाचे ते वर्ष म्हणजे इ.स.पू. 40. यरुशलेम काबीज केल्याचे वर्ष अग्रिप्पा आणि कॅनिनियस गॅलस यांचे, म्हणजे इ.स.पू. 37. आरंभीचे अपुरे वर्षही पूर्ण वर्ष म्हणून मोजले, तर दोन्ही हिशेब इ.स.पू. 4 वर येऊन थांबतात, आणि ते मोजले नाही तर इ.स.पू. 3 वर. आपल्याकडे शकाचे आकडे वाचताना ते 'गत' वर्ष आहे की 'वर्तमान' वर्ष हे आधी ठरवावे लागते, तशीच ही अडचण आहे, फरक इतकाच की जोसेफस आपली रीत कोठेही स्पष्ट करीत नाही.

शिवाय जोसेफसचा स्वतःचा ताळेबंदही सर्वत्र जमत नाही. हेरोदाची घोषणा तो 184 व्या ऑलिंपियाडमध्ये (ऑलिंपियाड म्हणजे दोन ऑलिंपिक स्पर्धांमधील चार वर्षे) ठेवतो. ते ऑलिंपियाड इ.स.पू. 40 च्या उन्हाळ्यात संपले, तर त्याच्याच कथनात हेरोद रोमकडे निघतो तो हिवाळ्याच्या तोंडावर. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी ठरू शकत नाहीत. डब्ल्यू. ई. फिल्मर यांनी 1966 मध्ये या व अशा विसंगतींवर बोट ठेवून घोषणा इ.स.पू. 39 मध्ये, यरुशलेमचा पाडाव इ.स.पू. 36 मध्ये आणि हेरोदाचा मृत्यू इ.स.पू. 1 मध्ये मांडला. बहुसंख्य अभ्यासकांनी हा निष्कर्ष स्वीकारलेला नाही, पण त्यांनी उपस्थित केलेल्या शंका पोकळ नाहीत.

मला निर्णायक वाटतो तो पुरावा हेरोदाच्या मुलांचा. वडिलांच्या मृत्यूनंतर राज्य तिघांत वाटले गेले, आणि तिघांच्याही कारकिर्दींचा शेवट स्वतंत्रपणे ठरवता येतो. अर्खेलावस दहाव्या वर्षी पदच्युत झाला, आणि रोमन इतिहासकार डिओ कॅसियस ते वर्ष कॉन्सलांच्या नावांवरून इ.स. 6 ठरवून देतो. फिलिप्प रोमन सम्राट तिबिर्य याच्या विसाव्या वर्षी, म्हणजे इ.स. 33-34 मध्ये, सदतीस वर्षे राज्य करून वारला. हेरोद अंतिपास इ.स. 39 मध्ये हद्दपार झाला, आणि त्याची त्रेचाळिसाव्या वर्षाची नाणी मिळालेली आहेत. तिन्ही वाटांनी मागे गेले की इ.स.पू. 4 हेच वर्ष हाती लागते. यांतील नाण्यांचे वजन मी अधिक धरतो, कारण ग्रंथाचा आकडा नकलकाराच्या हातून बदलू शकतो, धातूवर उठवलेला बदलत नाही. फिलिप्पाच्या बाबतीत काही हस्तलिखितांत 'बाविसाव्या' असा पाठ असल्याचा दावा पुढे आलेला आहे, आणि तो खरा धरला तर त्याचे आरंभवर्ष दोन वर्षांनी अलीकडे सरकते. अंतिपासाची नाणी मात्र त्या दुरुस्तीने जागची हलत नाहीत. इ.स.पू. 1 मानणाऱ्यांना मग असे म्हणावे लागते की, मुलांनी आपली वर्षे वडील हयात असतानापासूनच मोजली. ते अशक्य नाही, परंतु त्यासाठी एक जास्तीचे गृहीतक लागते.

मुख्य नोंद इ.स.पू. 4 अशी केली. इ.स.पू. 1 हे मत शेजारी, त्याच्या कारणासह, लिहिले.

20 जानेवारी 2024

ग्रहणाचा प्रश्न मागच्या नोंदीत राहिला होता. मंदिराच्या दारावरील सोन्याचा गरुड तोडणाऱ्यांचा पुढारी मत्तिथ्या याला हेरोदाने जिवंत जाळले, त्या रात्री चंद्रग्रहण झाले, असे जोसेफस सांगतो, आणि हेरोदाच्या मृत्यूनंतर लवकरच वल्हांडण हा यहूद्यांचा वसंतातील सण आला, असेही सांगतो. इ.स.पू. 4 च्या 13 मार्चला खंडग्रास चंद्रग्रहण होते, परंतु त्या वर्षीचा वल्हांडण जेमतेम महिनाभरावर होता. तेवढ्या दिवसांत राजाचा आजार बळावणे, कल्लिरोए येथील उष्ण झऱ्यांवर जाणे, यरीहोला परतणे, देशभरातील प्रमुखांना बोलावून कोंडणे, मुलगा अंतिपात्र याला ठार करणे, त्यानंतर पाच दिवसांनी स्वतः मरणे, हेरोदियम गडापर्यंतची अंत्ययात्रा आणि सात दिवसांचे सुतक, एवढे सारे बसवावे लागते. इ.स.पू. 1 च्या 10 जानेवारीचे ग्रहण खग्रास होते आणि त्यानंतर वल्हांडणापर्यंत भरपूर अवधी मिळतो, म्हणून फिल्मर यांच्या बाजूचे अभ्यासक त्याचा आधार घेतात. इ.स.पू. 5 च्या 15 सप्टेंबरचेही एक खग्रास ग्रहण आहे. ते धरले तर अवधीची अडचण उरत नाही आणि मृत्यूचे वर्षही इ.स.पू. 4 हेच राहते.

खगोलशास्त्राने दिलेली तारीख अचूक असते, म्हणून सगळा हिशेबच अचूक झाला असे वाटू लागते. पण कोणते ग्रहण घ्यावयाचे ही निवड ग्रंथाच्या वाचनावरच अवलंबून आहे. तिसऱ्या स्तंभात तीनही ग्रहणे लिहिली.

3 फेब्रुवारी 2024

आज क्विरीनिय. मराठी पवित्र शास्त्रातील लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात 'नावनिशी' हा शब्द आहे. तो मला फार समर्पक वाटतो, कारण ही मोजणी कर बसवण्यासाठीची होती, आणि कालपटातही मी तोच ठेवला आहे. क्विरीनिय सूरियाचा सुभेदार असताना ही पहिली नावनिशी झाली, असे लूक म्हणतो. जोसेफसच्या मते क्विरीनिय सूरियात आला तो अर्खेलावसाच्या हद्दपारीनंतर, आणि नावनिशी पूर्ण झाली ती सम्राट औगुस्ताच्या अक्टियम येथील विजयानंतरच्या सदतिसाव्या वर्षी. अक्टियमची लढाई इ.स.पू. 31 च्या 2 सप्टेंबरची आहे, तेव्हा ते वर्ष इ.स. 6-7 येते. लूकच्या पहिल्या अध्यायात मात्र कथेचा आरंभच 'यहूदीयाचा राजा हेरोद याच्या दिवसांत' असा आहे. म्हणजे मत्तय आणि लूक यांच्यात विरोध असण्याआधी, लूकच्या दोन विधानांतच किमान नऊ वर्षांचे अंतर पडते.

हे अंतर भरून काढण्याचे जे प्रयत्न झाले त्यांची नोंद घेणे आवश्यक वाटते. क्विरीनियाने सूरियाचा कारभार दोनदा पाहिला असावा, असा एक तर्क आहे. पण हेरोदाच्या अखेरच्या वर्षांत सूरियात आधी सातुर्निनस आणि मग वारुस होता हे जोसेफसवरून कळते, आणि वारुसाची अंत्युखियातील नाणी अक्टियम शकाच्या 25, 26 आणि 27 या वर्षांची आहेत. त्या काळात तेथे क्विरीनियाला जागा उरत नाही. ग्रीक वाक्यातील 'पहिली' या शब्दाचा अर्थ 'पूर्वीची' असा घ्यावा, हा दुसरा तर्क. ग्रीक पाठ तपासणाऱ्या आमच्या सहकारी बाईंनी त्या वाक्याची रचना शब्दाशब्दाने समजावून सांगितली. असा अर्थ ओढून काढता येतो, परंतु विरोध टाळण्याची गरज नसती तर कोणी तो सुचवला नसता, असे त्यांचे मत आहे आणि मला ते पटते. ख्रिस्ती लेखक तेर्तुलियन तर नावनिशी सातुर्निनसाच्या काळातील असल्याचेच लिहितो. त्याच्यापाशी वेगळी माहिती होती, की त्यालाही ही अडचण जाणवली होती, हे त्या एका ओळीवरून ठरवता येत नाही.

क्विरीनियाची नावनिशी ही घटना मात्र खरी आहे. त्याच्या आज्ञेवरून अपामिया नगरीत मोजणी करून 1,17,000 नागरिक नोंदवल्याचे एका रोमन अधिकाऱ्याच्या शिलालेखात लिहिलेले आहे.

जन्माच्या ओळीत दोन खाने केले. एकात 'हेरोदाच्या मृत्यूपूर्वी' आणि दुसऱ्यात 'क्विरीनियाच्या नावनिशीच्या वेळी'. त्यांची सरासरी काढायची नाही.

6 फेब्रुवारी 2024

तिबिर्य कैसराचे पंधरावे वर्ष: बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे कार्य त्या वर्षी सुरू झाले असे लूक सांगतो. आधीचा कैसर औगुस्त इ.स. 14 च्या 19 ऑगस्टला वारला. तेथून मोजले तर योहानाच्या बाप्तिस्म्याच्या कार्याचा आरंभ इ.स. 28-29 मध्ये येतो. तिबिर्याला प्रांतांवर औगुस्ताच्या बरोबरीचा अधिकार त्याआधीच मिळाला होता, तेथून मोजावे असे काहींचे म्हणणे आहे. परंतु त्या सह-अधिकारापासून वर्षे मोजणारे नाणे किंवा लेख पुढे आलेला नाही, म्हणून ते मत मी दुय्यम ठेवले.

'छेचाळीस वर्षे हे मंदिर बांधण्यास लागली' हे योहानाच्या शुभवर्तमानातील वाक्यही याच काळाकडे बोट दाखवते. जोसेफसच्या 'प्राचीन इतिहासा'त बांधकामाचा आरंभ हेरोदाच्या अठराव्या वर्षी आहे, म्हणजे इ.स.पू. 20-19, आणि तेथून छेचाळीस वर्षे इ.स. 28 च्या आसपास भरतात. त्याच लेखकाच्या 'ज्यूंचे युद्ध' या आधीच्या ग्रंथात मात्र पंधरावे वर्ष आहे. एकच लेखक, एकच मंदिर आणि दोन आकडे. दोन्ही लिहिले.

14 फेब्रुवारी 2024

या कामातील सर्वांत शिकवणारा दिवस आजचा. चौथ्या शतकाच्या आरंभी मॅक्सिमिनस दाया या सम्राटाच्या कारकिर्दीत 'पिलाताची कृत्ये' या नावाचे एक ख्रिस्तविरोधी लिखाण पसरवण्यात आले आणि शाळांतील मुलांकडून ते पाठ करून घेतले गेले. त्यात येशूच्या मृत्यूचा काळ तिबिर्याच्या चौथ्या कॉन्सलपदाचा, त्याच्या कारकिर्दीच्या सातव्या वर्षाचा, म्हणजे इ.स. 21 चा दिला होता. चौथ्या शतकातील ख्रिस्ती इतिहासकार युसेबियस याने आपल्या 'ख्रिस्तमंडळीच्या इतिहासा'च्या पहिल्या खंडात त्याला उत्तर दिले आहे. जोसेफसच्या म्हणण्याप्रमाणे येशूला शिक्षा देणारा रोमन सुभेदार पिलात यहूदीयात आला तो तिबिर्याच्या बाराव्या वर्षी, मग सातव्या वर्षी त्याने निकाल दिला कसा, असा त्याचा प्रश्न आहे. जोसेफसचे इतर आकडेही त्याच्या बाजूने उभे राहतात. पिलाताच्या आधी त्या पदावर ग्रातुस अकरा वर्षे होता, पिलात दहा वर्षे होता, आणि पिलात रोमला पोचण्यापूर्वी तिबिर्य वारला, जो मृत्यू इ.स. 37 च्या मार्चमधील आहे. विरोधकाचा दस्तऐवज तिसऱ्या, तटस्थ लेखकाच्या आधारे तपासण्याची ही रीत आजच्या संशोधकालाही शोभेल अशी आहे.

आणि याच युसेबियसाने त्याच खंडात चार प्रकरणे आधी लूकची नावनिशी व जोसेफसची नावनिशी एकच असल्याचे सांगून जोसेफसचा उतारा उद्धृत केला आहे. त्या उताऱ्यातील नावनिशी हेरोदाच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी झाली याची वाच्यता तो करीत नाही. दुसऱ्या खंडात थुदास या बंडखोराच्या बाबतीत हेच पुन्हा घडते. लूकच्याच 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात यहूदी शास्त्री गमलियेल आधी थुदासाचे आणि 'त्याच्यामागून' नावनिशीच्या दिवसांतील गालीलकर यहूदाचे बंड सांगतो. जोसेफसचा थुदास फादुस सुभेदार असताना, इ.स. 44 नंतर, उठतो, म्हणजे गमलियेलाच्या त्या भाषणानंतर काही वर्षांनी आणि यहूदानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी. युसेबियस दोन्ही उतारे शेजारी ठेवतो आणि एकाने दुसऱ्याला पुष्टी मिळते असे मानतो. जोसेफसमध्ये थुदासाच्या हकिकतीपाठोपाठ यहूदाच्या मुलांना क्रुसावर दिल्याची हकिकत येते. लूकने ती वाचून किंवा ऐकून क्रम उलटा लक्षात ठेवला असेल, असे काही अभ्यासक म्हणतात. थुदास नावाचे दोन बंडखोर असतील, असे इतर म्हणतात. दुसऱ्या थुदासाचा पुरावा नाही, आणि लूकने जोसेफस वाचला होता हेही सिद्ध झालेले नाही.

युसेबियसाला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. विरोधकाच्या तारखेला लावलेली चाळणी त्याने आपल्या तारखेला लावली नाही, आणि तीच भूल आजही दोन्ही बाजूंनी होताना दिसते. येशूविषयीच्या कथा रचलेल्या आहेत असे मानणारा वाचक नावनिशीची विसंगती पकडतो आणि जोसेफसची विसंगती सोडून देतो, तर श्रद्धावान वाचक नेमके उलटे करतो. म्हणून आजपासून एक नियम ठरवला: कोणत्याही ओळीत ज्या लेखकाचा आकडा घेतला असेल, त्याच लेखकाचा त्या विषयावरील दुसरा, न जुळणारा आकडा असल्यास तोही त्याच ओळीत लिहायचा.

22 फेब्रुवारी 2024

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा वध. शुभवर्तमानांनुसार तो येशूच्या हयातीत झाला. जोसेफस त्याची हकिकत सांगतो ती शेजारच्या नबाती राज्याचा राजा अरीतास याने अंतिपासाच्या सैन्याचा धुव्वा उडवला त्या प्रसंगी. योहानाला मारल्याची ही देवाने दिलेली शिक्षा, असे काही यहूदी मानत, असे तो लिहितो. तो पराभव साधारणतः इ.स. 36 चा मानला जातो. त्यावरून निकोस कोकिनोस यांच्यासारख्या संशोधकांनी योहानाचा वध आणि त्यापाठोपाठ क्रुसावरील मृत्यूही इ.स. 36 पर्यंत अलीकडे आणला आहे. माझे मत वेगळे आहे. लोक जेव्हा एखाद्या संकटाला जुन्या पापाची शिक्षा म्हणतात, तेव्हा ते पाप आदल्या वर्षीचेच असावे लागत नाही, आणि जोसेफसच्या वाक्यातून क्रम तेवढा मिळतो, अंतर मिळत नाही. ओळीत 'इ.स. 36 पूर्वी' एवढेच लिहिले.

27 फेब्रुवारी 2024

क्रुसावरील मृत्यूचा दिवस. शुक्रवार याविषयी चारही शुभवर्तमाने एकमत आहेत. पहिल्या तिघांत आदल्या संध्याकाळचे भोजन वल्हांडणाचे आहे, म्हणून मृत्यू यहूदी पंचांगातील निसान महिन्याच्या 15 तारखेला येतो. योहानाच्या शुभवर्तमानात तो वल्हांडणाच्या तयारीचा दिवस, 14 निसान आहे. पिलाताच्या काळात 14 निसान शुक्रवारी येण्याची शक्यता असलेल्या तारखांत 7 एप्रिल 30 आणि 3 एप्रिल 33 या दोन प्रमुख आहेत. महिन्याचा आरंभ चंद्रकोर प्रत्यक्ष दिसण्यावर असल्याने आकाश ढगाळ असते तरी हिशेब एका दिवसाने सरकला असता. येथेही दोन खाने.

5 मार्च 2024

प्रेषित पौलाच्या ओळी भरताना प्रथमच पायाखाली खडक लागल्यासारखे वाटले. डेल्फी येथील शिलालेखाचे तुकडे एमिल बुर्गे यांनी 1905 मध्ये प्रसिद्ध केले आणि प्लासार यांनी 1970 मध्ये नऊ तुकड्यांचा एकत्र पाठ दिला. ते क्लौद्य कैसराचे पत्र असून त्यात 'माझा मित्र आणि प्रांताधिकारी' म्हणून गल्लियोचे नाव आहे आणि कैसराचा सव्विसावा विजयघोष (लढाईतील विजयानंतरचा क्रमांकित जयजयकार) नोंदलेला आहे. इ.स. 52 च्या 1 ऑगस्टपर्यंत सत्ताविसावा विजयघोष झालेला होता, हे रोमच्या जलवाहिनीवरील लेखाने कळते. त्यामुळे पत्र इ.स. 52 च्या पहिल्या सात महिन्यांतील ठरते आणि गल्लियोचा अखयातील कार्यकाळ सर्वसाधारणपणे इ.स. 51-52 धरला जातो. पौलाला त्याच्या न्यायासनापुढे उभे केले गेले आणि पौल करिंथात दीड वर्ष होता, हे प्रेषितांच्या कृत्यांच्या अठराव्या अध्यायात आहे.

त्याच अध्यायात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या दांपत्याला क्लौद्याच्या हुकुमामुळे रोम सोडावे लागल्याचे आहे. रोमन चरित्रकार स्वेतोनियस यहूद्यांची ही हद्दपारी सांगतो पण वर्ष देत नाही. पाचव्या शतकातील ओरोसियस नववे वर्ष, म्हणजे इ.स. 49, देतो आणि आधार म्हणून जोसेफसचे नाव घेतो, पण आज उपलब्ध असलेल्या जोसेफसमध्ये तसे वाक्य नाही. डिओ कॅसियस तर कारकिर्दीच्या आरंभीच्या हकिकतीत म्हणतो की, क्लौद्याने यहूद्यांना घालवले नाही, फक्त त्यांच्या सभांना मनाई केली. ओरोसियसाचे वर्ष गल्लियोच्या वर्षाशी नीट जुळते, म्हणून मी ते ठेवले, पण 'आधार सापडत नाही' हे शब्द त्याच ओळीत लिहिले.

11 मार्च 2024

गलतीकरांस पत्रातील 'तीन वर्षांनंतर' आणि 'चौदा वर्षांनंतर' हे शब्द पौलाचे स्वतःचे आहेत, म्हणून त्यांचे मोल मोठे आहे. चौदा वर्षे धर्मांतरापासून मोजायची की पहिल्या यरुशलेम भेटीपासून, आणि अपुरी वर्षे पूर्ण धरायची की नाही, यावर धर्मांतराचे वर्ष इ.स. 32 पासून 35 पर्यंत हलते. दमिष्कातून पौल टोपलीतून निसटला तेव्हा तेथे अरीतास राजाचा अधिकारी होता. अरीतास इ.स. 39-40 च्या सुमारास वारला, तेव्हा ती सुटका त्याच्या आधीची. क्रुसावरील मृत्यू इ.स. 33 मधील धरला तर पौलाच्या ओळी अतिशय दाटीने बसतात, इ.स. 30 धरला तर मोकळ्या बसतात. मोकळेपणा हा पुरावा नव्हे, तरी माझा कल इ.स. 30 कडे आहे आणि तो कल म्हणून प्रस्तावनेत सांगेन, तक्त्यात नाही.

15 मार्च 2024

मुद्रितशोधनाची पहिली प्रत आली. जुळणी करणाऱ्याने जन्माच्या ओळीतील दोन खाने जागेअभावी एकत्र करून 'इ.स.पू. 4 ते इ.स. 6' असे केले होते. ते पुन्हा वेगळे करण्यास सांगितले, कारण दरम्यानच्या काळातील कोणतेही वर्ष चालेल असा त्या ओळीचा अर्थ होतो, आणि तसे मत्तयही म्हणत नाही, लूकही म्हणत नाही. त्यासाठी पानाची रुंदी वाढवावी लागणार आहे. थुदास आणि ओरोसियस यांच्या ओळी उद्या मूळ ग्रीक व लॅटिन पाठांशी पुन्हा ताडून पाहायच्या आहेत.